मिलो दोर्नचा हात

ओदिलाँ तेरवान्यने दाढीच्या पात्याचा कोपरा पिस्तुलाच्या नळीवर टेकवला आणि हलक्या हाताने खरवडायला सुरुवात केली. जाड कागदावरची काळी शाई भुकटी होऊन सुटू लागली. आधी नळी गेली, मग चाप गेला, मग चित्रकथेतल्या मिलो दोर्नच्या बोटांमध्ये धरलेला दस्ता एकेका रेघेने निघाला. त्याने फुंकर मारली आणि पान खिडकीकडे तिरकं धरून पाहिलं. कागद कुठेही फाटला नव्हता. या कामात सबंध ब्रसेल्समध्ये त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि अशा कामात आपलं नाव व्हावं याचाच त्याला सर्वांत जास्त राग येत असे.

जुलैमध्ये पॅरिसला कायदा झाला होता. मुलांच्या साप्ताहिकांत बंदुका, सुरे, रक्त आणि भेसूर चेहरे नकोत. दिसले तर अंक फ्रान्समध्ये येऊ द्यायचा की नाही ते तिथली समिती ठरवणार. ओदिलाँ ज्या साप्ताहिकात चित्रकथा काढी, त्याच्या निम्म्याहून जास्त प्रती फ्रान्समध्ये खपत. तेव्हा संपादक कार्लिएंनी घाम पुसत ओदिलाँला बोलावून घेतलं आणि सगळ्यांच्या चित्रकथा छापखान्यात जाण्याआधी साफ करण्याचं काम त्याच्या गळ्यात मारलं.

"तुमच्याइतका जबाबदार माणूस माझ्याकडे दुसरा नाही," ते म्हणाले होते.

जबाबदार हा शब्द ओदिलाँला म्हातारा या शब्दाचा सख्खा भाऊ वाटे. तो सेहेचाळीस वर्षांचा होता. त्या दिवसापासून दर मंगळवारी स्करबेकमधल्या त्याच्या घरी पानांची चवड येई. पिस्तूल खरवडायचं आणि त्या जागी टॉर्च काढायचा, काठी काढायची, अगदीच काही सुचलं नाही तर छत्री. त्या वर्षीच्या पानगळीत बेल्जियमच्या चित्रकथांतले सगळे दरोडेखोर एकमेकांना टॉर्च दाखवून धमक्या देत होते, आणि छत्री पाहून माणसं चळाचळा कापत होती.

त्याच्या स्वतःच्या कप्तान बाल्तुसला मात्र कधी साफ करावं लागलं नाही. बाल्तुसपाशी भरघोस मिशा होत्या, गलबत होतं आणि तीन मैलांवर ऐकू जाईल असा आवाज होता. गेली तीन वर्षं साप्ताहिकाचं पहिलं पान, चार रंगांत, बाल्तुसचं होतं. ते त्याला कोणी दान दिलेलं नव्हतं. दर नोव्हेंबरात एका अंकाबरोबर मतपत्रिका जाई. मुलं आपल्या आवडत्या चित्रकथांना क्रम लावून ती टपालाने परत पाठवत, आणि जी कथा पहिली येई तिला नव्या वर्षात पहिलं पान मिळे. तिन्ही वर्षं पहिला नंबर बाल्तुसचा होता.

आणि मग या वसंतात वानेस केल्डरमान्स उगवला. आल्स्टच्या पाववाल्याचा मुलगा, वय वर्षं बावीस, फ्रेंच बोलताना दर चौथ्या शब्दाला ठेच. सध्या सक्तीच्या लष्करी नोकरीत, बर्ग-लेओपोल्डच्या छावणीत होता. तिथे बटाट्यांच्या कोठारात पोत्यावर फळी टाकून तो मिलो दोर्नची साहसं काढायचा आणि टपालाने धाडून द्यायचा. ओदिलाँ समुद्र काढायचा तो टोकदार पेनाने, लाटेमागून लाट, सबंध दुपार घालवून. हा पोरगा ओला ब्रश दोनदा फिरवायचा आणि समुद्र हजर. ओदिलाँने एकदा दार लावून तसं करून पाहिलं होतं. समुद्राऐवजी फरशी पुसायचं फडकं आलं.

तेवढंही त्याने गिळलं असतं. पण पानं रंगवायची बेर्त, म्हणजे त्याची बायको. बाल्तुसची पानं ती पहिल्यापासून रंगवत आली होती. उन्हाळ्यापासून कार्लिएंनी तिला दोर्नचीही द्यायला सुरुवात केली. बाल्तुसचं पान ती एका सकाळीत हातावेगळं करी. दोर्नच्या पानाला तिने नवा ब्रश काढला. रंगवताना ती गुणगुणायची. बाल्तुसच्या वेळी ती कधी गुणगुणली नव्हती. किंवा गुणगुणली असेल, त्याने लक्ष दिलं नसेल. आता मात्र त्याचे दोन्ही कान स्वयंपाकघराकडे लागलेले असत.

त्याने पान पुन्हा टेबलावर ठेवलं. शेवटची चौकट मोठी होती. पावसात चुन्याच्या खाणीचं तोंड, कंदिलाभोवती तीन चोरटे व्यापारी आणि दारात मिलो दोर्न. फुग्यात शब्द होते, "हात वर!" आणि तिघांचेही हात वर होते. हे पान ज्या अंकात जायचं होतं, त्याच अंकासोबत यंदाची मतपत्रिका जाणार होती.

टॉर्चसाठी त्याने पेन शाईत बुडवलं. बोटांच्या तुटलेल्या रेघा जोडून घेतल्या. दोर्नची मूठ तयार झाली: पुढे ताणलेली, कशावर तरी आवळलेली, आणि आत काहीच नाही. तीन आडदांड माणसं एका रिकाम्या मुठीपुढे हात वर करून उभी. ओदिलाँच्या ओठांचा कोपरा हलला. त्याने पेन पुसून ठेवून दिलं.

मुलं हसतील. नायकाला मुलं एकदा हसली की त्याला कोणी वाचवू शकत नाही, हे त्याला अकरा वर्षांच्या धंद्यातून पक्कं ठाऊक होतं. काम तर त्याने सांगितल्यासारखंच केलं होतं. पुसायला सांगितलं, पुसलं.

दुसऱ्या दिवशी कचेरीत कार्लिएंनी पाइपचं टोक चौकटीमागून चौकटीवर फिरवलं.

"पिस्तूल?"

"नाही."

"सुरा, दोर, बाटली?"

"नाही."

"देव तुमचं भलं करो," म्हणत त्यांनी पानावर सही ठोकली. समितीच्या धास्तीने त्या माणसाला चित्रं दिसेनाशी झाली होती, फक्त हत्यारं दिसत.

शुक्रवारी निळा छाप घरी आला. पानाच्या रेषा जाड कागदावर फिक्या निळ्यात छापून येत, बेर्त त्यावर रंग भरी आणि छापखान्यात काळ्या रेषा वरून बसवत. तिने तो स्वयंपाकघराच्या टेबलावर चार पिना टोचून ताणला, आणि पुष्कळ वेळ ब्रश पाण्यात बुडाल्याचा आवाज आला नाही.

"ओदिलाँ, जरा इकडे ये."

तो दारात येऊन उभा राहिला.

"याच्या हातात काय आहे?"

"काही नाही."

"ते दिसतंय मला. काय असायला हवं होतं?"

"पॅरिसला विचार. मला पूस म्हणाले, मी पुसलं."

"एरवी टॉर्च काढतोस."

"संपले टॉर्च."

बेर्तने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. एकोणीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या नुसत्या आवाजावरून त्याच्या पोटात कुठे दुखतंय ते तिला कळत असे. ती उठली, वाटीतलं गढूळ पाणी मोरीत ओतलं आणि स्वच्छ पाणी भरून घेतलं.

शनिवारी सबंध दिवस ती त्या पानापाशी बसून होती. जेवायला तिने कालचं सूप तापवून दिलं. गुणगुणत नव्हती, पण तेही ओदिलाँला बरं वाटेना. दुपारी तो कोपऱ्यावरच्या कॅफेत जाऊन पत्ते खेळत बसला आणि ओळीने पाच डाव हरला.

अंक गुरुवारी निघाला. ट्रामच्या थांब्याजवळच्या टपरीवरून त्याने तो विकत घेतला. त्याला तो फुकट घरपोच येत असे, पण दुपारपर्यंत थांबवेना. आधी त्याने मतपत्रिका बघितली, मग बाल्तुस, आणि मग उगाच सहज म्हणून मधली पानं उलटली.

खाण जांभळ्या काळोखात बुडालेली होती. कंदिलाचा पिवळा उजेड तिघांच्या तोंडावर असा पडला होता की ते आजारी दिसत होते. पाऊस हिरवट. दोर्नचा कोट, टोपी, चेहरासुद्धा सावलीत. आणि त्या सगळ्या अंधारात बेर्तने फक्त त्याची मूठ कोरी सोडली होती. रंगाचा एक थेंबही नाही, नुसता कागदाचा पांढरा. नजर थेट तिथेच जाऊन आदळत होती. मुठीत काही नाही हे वाचणाऱ्याला दिसत होतं, दोर्नला ठाऊक होतं, कळत नव्हतं ते फक्त समोरच्या तिघांना.

थांब्यावर दोन शाळकरी मुली एकाच अंकात डोकी घालून उभ्या होत्या.

"अगं, त्याच्याकडे काहीच नाहीये!" एकीने दुसरीचा दंड गच्च धरला. "काहीच नाहीये बघ!"

हसली मात्र कोणीच नाही. ओदिलाँची ट्राम आली आणि निघून गेली, तो तिथेच उभा होता.

पुढचे दोन आठवडे टपालवाला साप्ताहिकाच्या कचेरीत शिव्या देत जिना चढत होता. लीलच्या शाळेतल्या एका वर्गाने मिळून पत्र लिहिलं होतं. दोर्नने पिस्तूल मुद्दाम घरी ठेवलं का? त्याला भीती वाटली नाही का? त्या तिघांना हे कधी कळणार? नामूरच्या एका मुलीने कळवलं, की तिने तशीच मूठ धरून शेजारच्या कुत्र्याला पळवून लावलं. कार्लिए पत्रं हातात घेऊन खोलीभर फिरत होते.

"आणि मला वाटलं, तुम्ही टॉर्च विसरलात! छुपे रुस्तुम आहात, तेरवान्य. आधी सांगायचं तरी."

ओदिलाँ टोपी कुरवाळत बसला. मग कार्लिएंनी घसा खाकरला आणि मतांचा कागद पुढे सरकवला. पहिला मिलो दोर्न. दुसरा आणि तिसरा कोण ते त्याने वाचलंच नाही. कप्तान बाल्तुस चौथा होता, प्राण्यांच्या कोड्यांच्या एक नंबर वर.

"नव्या वर्षापासून पहिलं पान दोर्नला द्यावं लागेल. बाल्तुस आत, काळ्या-पांढऱ्या पानांत." कार्लिए खिडकीबाहेर पाहत म्हणाले. "आतला कागद खरं तर जास्त चांगला आहे हो."

घरी येऊन त्याने कोट काढला नाही. बेर्त शेगडीत कोळसे घालत होती.

"तू वाचवलंस त्याला," तो म्हणाला.

"तुला वाचवलं. ते चित्र तसंच उघडंनागडं छापलं असतं, तर तो मुलगा मिळेल ती गाडी पकडून कार्लिएंकडे आला असता आणि पान कोणी साफ केलं म्हणून विचारलं असतं."

"बस, एवढंच कारण?"

तिने हात फडक्याला पुसले.

"हो म्हटलं तर तुला बरं वाटेल. पण ते पान चांगलं होतं, ओदिलाँ. इतकं चांगलं पान बिघडलेलं मला बघवेना."

"आणि माझी पानं?"

"तुझीही चांगली असायची."

ती हे चिडून म्हणाली असती तर त्याने भांडण केलं असतं. पण ती साध्या आवाजात म्हणाली आणि कोळशाची बादली घेऊन खाली गेली. तेव्हा तो कोटासकट खुर्चीत बसला, आणि आपल्याला नेमकं कशाचं जास्त लागलं आहे, गेलेल्या पहिल्या पानाचं की त्या पोराच्या खाणीवर बायकोने घालवलेल्या शनिवारचं, ते त्याला ठरवता येईना. एवढं मात्र खरं, की वानेस केल्डरमान्स त्या क्षणी समोर असता तर त्याने त्याचे दोन्ही हात मोडले असते.

वानेस रविवारी आलाच. खांद्यात दोन बोटं मोठा असलेला गणवेश, कानांपर्यंत कातरलेले केस, आणि काखेत आईने भाजलेला मनुकांचा पाव फडक्यात बांधलेला. बेर्तने कॉफी केली. पोरगा खुर्चीच्या कडेवर बसला आणि बसल्या बसल्या बोलायला लागला.

"मास्तर, खोटं कशाला सांगू, अंक उघडला आणि आधी तुम्हाला मनसोक्त शिव्या घातल्या. मागून आमचा सार्जंट वाकून बघत होता. चार वर्षं जर्मनांच्या कैदेत काढलेला माणूस. म्हटलं, आता हा हसणार. तर तो म्हणाला, अरे, याच्याकडे तर काहीच नाही. आणि गप्पच झाला. अंक घेऊन गेला तो अजून दिलेला नाही."

"पाव छान झालाय," बेर्त म्हणाली.

"मग दुसरा अंक आणला आणि सबंध रविवार मी त्या चौकटीकडे बघत बसलो. आणि मला कळलं तुम्ही काय केलंत ते." त्याने आवाज खाली आणला. "मला हात काढता येत नाहीत, मास्तर. कधीच जमले नाहीत. म्हणून मी त्याला पिस्तूल देत होतो. पिस्तुलामागे हात लपतो. आठ महिने लपवलं, कुणाच्या लक्षात आलं नाही. तुमच्या आलं. तुम्ही म्हणालात, टाक ते लपवणं."

ओदिलाँने साखर ढवळली. आधीच ढवळून झालेली होती.

"मी आता त्याला कधीच पिस्तूल देणार नाही. आणि कार्लिएसाहेबांना पत्र लिहिणार आहे. पहिल्या पानावर माझ्या नावाशेजारी तुमचं नाव हवं. नाहीतर मला नको ते पहिलं पान."

बेर्त पाव कापायची थांबली, पण तिने वर पाहिलं नाही. ओदिलाँने ते श्रेय घेतलं असतं तर झालं असतं. नुसतं मान हलवायचं काम होतं. अर्धं पहिलं पान, चार रंगांत, त्याच्या नावासकट परत. उद्या मुलं त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाली असती, ते बघ, रिकामी मूठ यांचीच. ओदिलाँने ते सगळं डोळ्यांसमोर नीट पाहून घेतलं आणि चमचा बशीत ठेवला.

"तुझं हसं व्हावं म्हणून केलं मी ते," तो म्हणाला.

वानेस हसला. "काय मास्तर तुम्ही पण!"

"थट्टा करत नाहीये. मतपत्रिकेचा अंक होता. मुलांनी दोर्नला हसावं, तू खाली घसरावंस आणि माझं पान माझ्याकडे राहावं, म्हणून केलं."

पोराने बेर्तकडे पाहिलं. आता तरी ती नवऱ्याला दटावेल अशी त्याची अपेक्षा असावी.

"खरं सांगतोय तो," बेर्त म्हणाली.

वानेसचे कान हळूहळू लाल झाले. त्याने कप बशीत ठेवला, मग बशी टेबलाच्या मध्याकडे सरकवली.

"आणि ते रंग?"

"रंग माझे."

तो उठला. टोपी आधी उलटी घातली, मग सुलटी केली.

"पाच दहाची गाडी आहे," तो कोणालाच उद्देशून नाही असं म्हणाला. दारापर्यंत गेला आणि तिथून वळला. त्याचा आवाज चढला होता. "अकरा वर्षांचा होतो मी. दुकानात पिठाच्या पोत्यावर बसून बाल्तुसच्या लाटा मोजायचो. एकेक लाट मोजायचो!"

जिन्यावर त्याचे लष्करी बूट बराच वेळ वाजत राहिले. बेर्तने उरलेला पाव पुन्हा फडक्यात बांधला.

ओदिलाँ रोज कार्लिएंच्या बोलावण्याची वाट पाहू लागला. डिसेंबरातला सेंट निकोलसचा सण झाला, ट्रामचे रूळ गोठले, बोलावणं काही आलं नाही. वानेसने ना ते नावाचं पत्र लिहिलं होतं, ना तक्रारीचं. दर मंगळवारी दोर्नचं पान इतरांच्या चवडीत येत होतं, आणि त्यात साफ करण्यासारखं काही नसे. दोर्नचे हात खिशात असत, पाठीमागे असत, एकदा तर दोन्ही हातांत पाळलेली मांजर होती.

नाताळाआधीच्या मंगळवारी मात्र पार्सल कचेरीमार्फत न येता थेट घरी आलं. छावणीचा शिक्का, वर ओदिलाँचं पूर्ण नाव. आत नव्या वर्षाच्या पहिल्या अंकाचं पहिलं पान होतं, सगळं एकच मोठं चित्र. बर्फात अडकलेली आगगाडी, खिडक्यांत घाबरलेले चेहरे, लांडग्यांची रांग. त्यांच्यापुढे मिलो दोर्न उभा, उजवा हात सरळ वाचणाऱ्याच्या दिशेने पुढे केलेला. अशा चित्रात हात तोंडाहून मोठा दिसतो, सबंध पान त्या हातावर तोललेलं असतं. बर्फ शाईत पुरा झालेला होता. लांडग्यांचा केस न् केस झालेला होता. कोटाची बाही, तिचं बटण, मनगटाची कड. मनगटापुढे कोरा कागद होता.

पार्सलात चिठ्ठी नव्हती. त्याने पान उलटून पाहिलं. मागेही काही लिहिलेलं नव्हतं.

"सूड उगवतोय," तो म्हणाला.

"उगवत असेल." बेर्तने डोक्याला रुमाल बांधला. "मी बाजारातून येते. छापखान्याचा माणूस चारला येणार आहे."

ती गेल्यावर तो पानासमोर बसला. असंच पाठवून दिलं तर? नायकाला हातच नाही, नव्या वर्षाचं पहिलं पान रद्द, कार्लिए डोकं आपटून घेणार आणि बोल लागणार बटाट्याच्या कोठारातल्या त्या दीडशहाण्याला. या वेळी तर पात्यालाही हात लावायची गरज नव्हती. हा विचार त्याने खडीसाखरेसारखा बराच वेळ तोंडात घोळवला. गोड होता, नाही असं नाही.

मग मनगटाच्या त्या कडेकडे त्याचं लक्ष गेलं. तिच्यापुढे रबराने पुसलेल्या पेन्सिलीच्या खुणा होत्या. त्याने पान उजेडात धरलं. पोराने तिथे हात काढला होता. पुसला होता. परत काढला होता. सात-आठ वेळा तरी काढून पुसला असेल; कागदाला तिथे लव सुटली होती.

ओदिलाँने पेन्सिलीला टोक केलं.

पहिला हात उतरला तो हातमोज्यासारखा. दुसरा चांगला होता, पण जाड बोटांचा, दोरखंड ओढून ओढून निबर झालेला, म्हणजे बाल्तुसचा. तोही पुसला. मग त्याने दाढीचा आरसा खिडकीच्या खिट्टीला अडकवला, स्वतःचा डावा हात आरशापुढे धरला, आणि अकरा वर्षांत कधी पाहिलं नव्हतं इतकं लक्ष देऊन त्याच्याकडे पाहिलं. तळहात पुढे. बोटं अर्धवट उघडी, थोपवणारी. करंगळी बाकीच्यांपासून जरा दूर, कारण त्या माणसालाही आतून भीती वाटत असणार. तळहाताच्या रेषा आधी खूप झाल्या, मग त्याने कमी केल्या. पोराविषयी पोटात जे जळत होतं ते तसंच जळत होतं. पण अंगठ्याचं सांध्याजवळचं वळण चुकत होतं, आणि तेवढं नीट व्हायला हवं होतं.

बेर्त आली तेव्हा तो शाई भरत होता. ती हातातली पिशवी न ठेवता मागे येऊन उभी राहिली. पिशवीतून कांद्याच्या पाती बाहेर डोकावत होत्या आणि रुमालावरचा बर्फ वितळून तिच्या मानेवर उतरत होता. मग तिने खिडकीजवळच्या दुसऱ्या टेबलाकडे पाहिलं.

"बाल्तुसचं पान झालं?"

ओदिलाँने घड्याळ पाहिलं. चार वाजायला वीस मिनिटं होती. दुसऱ्या टेबलावर कप्तान बाल्तुसचं या आठवड्याचं पान पडलं होतं: पट्टीने आखलेल्या नऊ चौकटी, आणि नवांपैकी एकीलाही त्याने सकाळपासून हात लावला नव्हता. युद्धात साप्ताहिकावर बंदी होती ती वर्षं सोडली, तर बाल्तुसचं पान कधी चुकलं नव्हतं.

"नाही," तो म्हणाला. "आला की सांग त्याला, या आठवड्यात बाल्तुस नाही."

आणि त्याने ब्रश पुन्हा शाईत बुडवला. अंगठ्याचं नख अजून राहिलं होतं.